घरच्या फरशीवर बदनापूरची मालगाडी

बदनापूर स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या लेकराला मालगाडी दिसली की ते डबे मोजू लागते. आपणही लहानपणी मोजले आहेत. वीसपर्यंत आकडा नीट जातो, पुढे वेग आणि धूळ यांत तो हरवतो, तरी शेवटचा डबा जाईपर्यंत मूल हट्टाने मोजत राहते. मग विचारते, "एवढा माल घेऊन चालली, ती इथे का थांबत नाही?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना आपण अडखळतो. म्हणून या आठवड्याचे कुटुंबाचे पान मालगाडीला दिले आहे. उत्तर नुसते वाचायचे नाही, रविवारी दुपारी घरच्या फरशीवर चालवून पाहायचे आहे. खर्च दहा-वीस रुपयांच्या वर जाणार नाही.

आधी उत्तर. मालगाडी पूर्वी थांबत होती.

निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या तोंडावर, मनमाडपासून हैदराबादपर्यंत मीटरगेज लाइन पडली. तिला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणत. औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, मग करमाड, बदनापूर, जालना, पुढे परभणी, नांदेड, ही सारी गावे त्या एका दोऱ्यात ओवली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये ही लाइन मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे गेली आणि १९९० च्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले.

मीटरगेजच्या त्या दिवसांत एक मालगाडी अशी असे की तिला घाई नावाची गोष्टच ठाऊक नव्हती. ती स्टेशनोस्टेशनी थांबायची. इथे एक डबा सोडायचा, तिथे दोन रिकामे उचलायचे, पुढच्या स्टेशनावर अर्धा तास मागेपुढे करायचे. रेल्वेवाले तिला शंटिंग गुड्स म्हणत. मराठवाड्यातल्या अशा स्टेशनांवर कापूस, सरकी, तूर, ज्वारी भरली जाई. मीठ, साखर, खत, सिमेंट उतरे. छोट्या व्यापाऱ्याला एक डबाही पुरत असे. त्याने स्टेशनावर मागणी नोंदवावी, डबा यावा, हमालांनी तो भरावा आणि पुढच्या गाडीने उचलावा, असा तो रिवाज होता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रेल्वेने हे एकेकट्या डब्याचे काम बंद करत आणले. कारण हिशेबाचे होते. एक डबा प्रत्येक यार्डात तोडायचा, जोडायचा, गाडी भरेपर्यंत वाट पाहायची. यात त्याचे दिवसच्या दिवस उभे राहण्यात जात. त्यापेक्षा अख्खी गाडी एका ठिकाणी भरायची आणि मध्ये न तोडता दुसऱ्या ठिकाणी रिकामी करायची, हे रेल्वेला परवडू लागले. अशा अख्ख्या गाडीला रेक म्हणतात. धान्याच्या किंवा सिमेंटच्या एका रेकला चाळीस ते अठ्ठावन्न वाघिणी असतात. बदनापूरच्या एका व्यापाऱ्याने ती कशी भरावी? त्याचा माल ट्रकवर गेला आणि मालगाडी न थांबता जाऊ लागली.

रेल्वेचा हिशेब चुकला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या गाडीबरोबर कामाचे एक मोठे ज्ञान गेले. कोणता डबा कुठे जोडायचा, सांधा केव्हा बदलायचा, इंजिन कोणत्या तोंडाने लावायचे, हे सारे जुन्या पॉइंट्समनच्या, खलाशांच्या, गार्डांच्या डोक्यात होते. ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, आळीत असा कोणी आजोबा असेल तर पुढचा खेळ मांडताना त्यांना खुर्ची देऊन बसवा. आम्ही सांगतो त्यात त्यांना दहा चुका सापडतील, आणि त्या चुका ऐकण्यातच खरी कमाई आहे.

काड्यापेट्या, खडू आणि दोरा

छोटी रेल्वे करण्याची हौस जगभर जुनी आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. एका मोठ्या टेबलावर अख्खे शहर, सिग्नल, पूल आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या. मुलांना घेऊन जाण्यासारखी ती जागा आहे. पण तिथे आपण पाहणारे असतो, गाडी आपोआप धावते. परदेशातल्या हौशी लोकांत मात्र दुसरा एक पंथ आहे. त्यांना गोल गोल धावणाऱ्या गाडीचा कंटाळा येतो. ते म्हणतात, गाडीला काम द्या. अमुक डबा अमुक गिरणीला पोहोचवायचा आहे, वेळ इतकी आहे, मधल्या मेलला अडवायचे नाही. असे काम दिले की खेळण्याची रेल्वे होते.

त्यांची इंजिने महाग असतात. एकाच इंजिनाला कित्येक हजार रुपये पडतात. तो रस्ता आपला नव्हे. पण कामाची गंमत इंजिनात नाही, ती डब्यांच्या क्रमात आहे. आणि क्रम काड्यापेटीलाही लावता येतो.

काड्यापेटी साधारण पाच सेंटिमीटर लांब असते. जुना चारचाकी डबा सहा-सव्वासहा मीटरचा धरला तर आपली पेटी त्याच्या सव्वाशेव्या हिश्श्याएवढी झाली. या मापाने खरा एक किलोमीटर म्हणजे फरशीवर आठ मीटर. बदनापूरहून जालना वीसेक किलोमीटर, म्हणजे एकशे साठ मीटर. गाडी घरातून निघून आळी ओलांडून मारुतीच्या पारापर्यंत जाईल! म्हणून दोन स्टेशनांमधला रस्ता आखायचाच नाही. मनमाड म्हणजे पलंगाखालची जागा, जालना म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरा. मध्ये फक्त बदनापूर आखायचे.

आठ रिकाम्या काड्यापेट्या घ्या. सहा मालडबे, एक गार्डाचा डबा, त्यावर लाल टिकली लावा. उरलेली आठवी पेटी राखीव, कारण एक तरी पेटी चेंगरतेच. इंजिनासाठी अगरबत्तीचा पुडा पेटीच्या दीडपट लांबीचा कापा. प्रत्येक डब्याच्या एका टोकाला दोऱ्याचा छोटा फास, दुसऱ्या टोकाला तारेचा वाकवलेला हुक. टाचणी वापरू नका, घरात लहान मूल असते. डब्यांवर खडूने किंवा पेनने नंबर घाला. नंबर घालायचा आळस करू नका. नंबराशिवाय डबा म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट.

आता खडू घेऊन शहाबादी फरशीवर रूळ काढा. डावीकडे मनमाड, उजवीकडे जालना. एक सरळ रेघ दीड मीटर लांब, ही मेन लाइन. तिच्या वरच्या अंगाला मधोमध पाऊण मीटरची दुसरी रेघ, दोन्ही टोकांना मेन लाइनला मिळालेली. ही लूप लाइन. मालगाडी लुपावर घ्यायची, म्हणजे मेन लाइन मेलसाठी मोकळी राहते. लुपाच्या वरच्या बाजूला आणखी दोन आखूड रेघा काढायच्या आणि इथेच सगळा खेळ आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिली रेघ तीन डब्यांची, हा माल धक्का. तिचा सांधा लुपाला जालन्याच्या बाजूला मिळतो आणि तिचे बंद टोक मनमाडकडे वळलेले असते. दुसरी रेघ दोन डब्यांची, हिला आपण गोदाम लाइन म्हणू. हिचे उलटे आहे. सांधा मनमाडच्या बाजूला, बंद टोक जालन्याकडे. म्हणजे दोन्ही रेघा एकमेकींकडे तोंड करून बसल्या आहेत. त्यांच्यात चार बोटे जागा सोडा.

खरे बदनापूर स्टेशन असेच आहे असा आमचा दावा नाही. हे खेळासाठी आखलेले बदनापूर. पण असे दोन तोंडांचे रूळ शेकडो स्टेशनांवर होते आणि त्यांनी शेकडो गार्डांच्या कपाळाला आठ्या घातल्या आहेत.

डब्याच्या पोटातली चिठ्ठी

कोणता डबा कुठे जाणार हे कोणी ठरवायचे? मुलांवर सोडले तर सगळे डबे सगळ्यांत जवळ जातील. खऱ्या रेल्वेत प्रत्येक डब्यावर लेबल असे, कुठून कुठे, कोणता माल. कागदपत्र गार्डाबरोबर जाई आणि मालकाच्या हातात रेल्वेची पावती असे, जिला आपले लोक बिल्टी म्हणत. बिल्टी दाखवल्याशिवाय माल मिळत नसे.

अमेरिकेत डग स्मिथ या हौशी माणसाने १९६१ मध्ये हेच छोट्या रेल्वेसाठी बसवले. प्रत्येक डब्याचे एक कार्ड, त्यात एक चिठ्ठी, आणि काम झाले की चिठ्ठी फिरवायची. आपल्याला कार्डाची गरज नाही, कारण आपल्या डब्याला खणच आहे. वहीच्या कागदाचा तुकडा दुमडून त्याचे चार भाग करा आणि चारही भागांवर एकेक काम लिहा. उदाहरणार्थ तीन नंबरच्या डब्याची चिठ्ठी अशी: पहिल्या भागावर "मनमाडहून बदनापूर माल धक्का, खत", दुसऱ्यावर "रिकामा, जालन्याला", तिसऱ्यावर "जालन्याहून मनमाड, सरकी", चौथ्यावर "रिकामा, मनमाडलाच उभा". चालू काम वर येईल अशी चिठ्ठी काड्यापेटीत सरकवा. डबा जागेवर पोहोचला की पुढचा भाग वर करा. एका रविवारी एकच भाग फिरवायचा. सहा डबे, प्रत्येकाची चार कामे. कोणत्या रविवारी कोणती कामे एकत्र येतील याचा अंदाज चिठ्ठ्या लिहिणाऱ्यालाही लागत नाही.

जागेवर पोहोचलेला डबा दोन रविवारांत उचलला गेला नाही तर डेमरेज. दंड म्हणून चिंचोके मोजून द्यायचे. डेमरेज हा शब्द मुलांना लवकर पाठ होतो असा अंदाज आहे, कारण त्यात दुसऱ्याचे चिंचोके मिळतात.

कोण काय होणार?

आता कामे वाटायची. स्टेशन मास्तर, ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन, माल बाबू. पाच माणसे नसली तर माल बाबूचे काम मास्तरने करावे. स्टेशन मास्तर गाडीला परवानगी देतो. गार्ड चिठ्ठ्या वाचून कोणता डबा केव्हा हलवायचा ते ठरवतो. पॉइंट्समन सांधा बदलतो, डबे जोडतो-सोडतो. ड्रायव्हरने फक्त इंजिनाला हात लावायचा, डब्याला नाही, आणि तोही इशारा मिळाल्यावरच.

इथे एक क्षण थांबावे लागते. आपली लाइन जिथे सुरू होते त्या मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली होती आणि अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद जी.आय.पी.वाल्यांची, निजामाच्या लाइनीची नव्हे. पण तिथे मांडलेले दुखणे दोन्ही लाइनींवर सारखेच होते. बाबासाहेबांनी रेल्वेतली उतरंड उघडी करून दाखवली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरचीही जागा मिळत नाही. का? तर पोर्टरला स्टेशन मास्तर आपल्या घरचीही कामे सांगतो, आणि ज्याचा स्पर्श चालत नाही त्याला घरात कसे घ्यायचे? कारखान्यातही वरची, कसबाची जागा त्याच्यापासून दूरच. म्हणजे रूळ त्याने उचलायचे, खडी त्याने ठोकायची, आणि त्या रुळावर गाडी सोडायची की नाही हे सांगण्याची खुर्ची मात्र दुसऱ्याची.

ती परिषद ज्यांच्यासाठी होती त्यांची नातवंडे-पतवंडे आज रेल्वेत ड्रायव्हर आहेत, स्टेशन मास्तर आहेत, अधिकारी आहेत. ते सहज झालेले नाही. म्हणून आमच्या खेळात एक नियम पक्का आहे: दर रविवारी कामे फिरवायची. धाकटीला मास्तरची खुर्ची मिळाली की दादाने पॉइंट्समन व्हायचे आणि तिच्या परवानगीशिवाय सांध्याला हात लावायचा नाही. आईला तर पहिल्याच रविवारी ड्रायव्हर करा. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, तेव्हा बाई इंजिन चालवते हे पाहायला लोक थांबत. पुढे २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईकडे वंदे भारत नेली.

इशारे तोंडाने द्यायचे नाहीत, हिरव्या चिंधीने द्यायचे. चिंधी सावकाश वर-खाली केली तर इंजिनाने इशारा देणाऱ्यापासून दूर जायचे. अंगासमोर डावी-उजवीकडे हलवली तर त्याच्याकडे यायचे. लाल दिसले की जागच्या जागी उभे. शंटिंगचा वेग तासाला पंधरा किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, हा रेल्वेचा नियम. आपल्या मापात तो सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर बसतो. म्हणजे काड्यापेटीला स्वतःच्या लांबीएवढे सरकायला दीड सेकंद लागले पाहिजे. मुले याहून दसपट जोरात ढकलतात. "एक, दोन" म्हणत एक पेटी सरकवायची सवय लावा. हात सावकाश झाला की डोके चालू लागते.

आठ हालचाली

गाडी मनमाडहून निघते. खरे तर तिचा निकाल मनमाडलाच लागतो. धक्क्यावर जाणारा खताचा डबा इंजिनाला लागून जोडायचा. गोदाम लाइनीवर जाणारा डबा अगदी शेवटी, गार्डाच्या डब्याला लागून. जालन्याचे डबे मध्ये. असे का, ते आता कळेल.

समजा धक्क्यावर एक रिकामा डबा आधीच उभा आहे. तो उचलायचा आणि खताचा ठेवायचा. गाडी लुपावर, धक्क्याचा सांधा पुढे मोकळा सोडून उभी करा. खताच्या डब्यामागे गाडी तोडा. आता मोजा.

इंजिन खताचा डबा घेऊन सांध्याच्या पुढे जाते, ही एक. सांधा धक्क्याकडे, मागे ढकलत आत, रिकामा डबा मागे जोडला, ही दोन. दोन्ही डबे घेऊन बाहेर, तीन. सांधा लुपाकडे, मागे जाऊन रिकामा डबा उरलेल्या गाडीला जोडला आणि खताच्या डब्यामागे पुन्हा तोडले, चार. पुढे, पाच. सांधा पुन्हा धक्क्याकडे, खताचा डबा आत ठेवला, सहा. नुसते इंजिन बाहेर, सात. सांधा लुपाकडे, इंजिन गाडीला लागले, आठ.

एक डबा ठेवायला आणि एक उचलायला आठ हालचाली आणि चार वेळा सांधा! वाचताना कंटाळवाणे वाटते, फरशीवर मात्र घरातली माणसे वाद घालू लागतात. कोणी म्हणेल, आधी खताचा डबा मेन लाइनीवर सोडला तर वाचेल. करून पाहा. मेन लाइनीवर डबा उभा असताना अजिंठा एक्स्प्रेस आली तर काय, हे मास्तरला विचारून मगच करा.

धक्का सोपा होता, कारण गाडी सांध्याच्या पुढे जाऊन मागे ढकलू शकत होती. गोदाम लाइनीचे तोंड उलटे. इंजिन डबा ओढत आत गेले तर डबा मागे राहतो आणि इंजिन बंद टोकाला अडकते. इथेच नवखा माणूस हाताने पेटी उचलून आत ठेवतो. तसे करायचे नाही. वीस टनांचा डबा कोणी उचलत नाही. उपाय असा की इंजिन गाडी सोडून पुढे मेन लाइनीवर जाते, गाडीच्या बाजूने मागे येते आणि मनमाडच्या बाजूने लुपात शिरून गार्डाच्या डब्याला लागते. गार्डाचा डबा आणि त्याला लागलेला गोदामाचा डबा एवढे दोनच घेऊन ते स्टेशनाबाहेर मागे येते. बाकीची गाडी गोदामाचा सांधा सोडून पुढे उभी असली पाहिजे. सांधा बदलला की ढकलत आत, गोदामाचा डबा सोडला, गार्डाचा डबा परत नेऊन गाडीला लावला, आणि इंजिन पुन्हा फिरून पुढे. गोदामाचा डबा मनमाडला शेवटी का जोडला, ते आता मुलांच्या लक्षात येते. चुकून मध्ये जोडला असेल तर हालचाली दुप्पट होतात.

दुसरा मार्ग शहाणपणाचा आणि आळशीपणाचाही आहे. तो डबा सरळ जालन्याला न्यायचा आणि परतीच्या गाडीने आणायचा. जालन्याहून येणाऱ्या गाडीला गोदाम लाइन सोपी आणि धक्का अवघड. खरे गार्ड हे करत असत. मग डब्यात काय आहे ते पाहावे लागते. रिकामा असेल तर उद्या आला तरी चालेल. पेरणीच्या तोंडावर बियाणे असेल तर? आमच्या मते अशा वेळी इंजिन फिरवावे, मेलला दहा मिनिटे उशीर झाला तरी. तुमच्या घरचा स्टेशन मास्तर वेगळे ठरवेल.

सुटलेल्या डब्याला ब्रेक लावायला विसरू नका. आपला ब्रेक म्हणजे पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक तुरीचा दाणा. (दाणा बदनापूरच्या वाणाचा मिळाला तर उत्तम. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या तुरीच्या वाणांच्या नावात बीडीएन ही अक्षरे असतात. बीडीएन ७११ हे नाव शेतकरी कुटुंबांना ठाऊक आहे.) दाणा विसरलेला दिसला की गार्डाचे पाच चिंचोके गेले. खऱ्या यार्डात ही चूक माणसाच्या जिवावर बेतत असे. धावपळीत दोन डब्यांच्या मध्ये शिरून जोडणी करणाऱ्या पॉइंट्समनची बोटे, हात, कधी अख्खा माणूस जात असे. तो भाग खेळात येत नाही, येऊही नये. पण आजोबा सांगतील तर ऐकून घ्या.

एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून टोकन असते. ड्रायव्हरच्या हातात टोकन आल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघत नसे. खेळात एक गोटी ठेवा. बदनापूर ते जालना एकच गोटी. ती मास्तरकडे नसेल तर गाडी सोडायची नाही, ड्रायव्हर आई असली तरी. घड्याळही वेगाने चालवा: खरे एक मिनिट म्हणजे खेळातली पाच. गाडी आल्यापासून खऱ्या आठ मिनिटांनी अजिंठा मेन लाइनवरून जाणार, म्हणजे मास्तरला चाळीस मिनिटे मिळाली. तेवढ्यात इंजिन लुपात आणि सांधे सरळ पाहिजेत. जुन्या मीटरगेजच्या प्रवाशांना अजिंठा आठवत असेल. ती गाडी ब्रॉडगेजवरही टिकली.

बदनापूरचे नाव ८ मे २०२० रोजी सगळ्या देशाने ऐकले, ते मालगाडीमुळेच. टाळेबंदीत काम थांबले, गाड्या बंद झाल्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले मजूर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले. बदनापूर आणि करमाडच्या मध्ये थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले. मालगाड्या बंद नव्हत्या. पहाटे आलेल्या मालगाडीखाली सोळा जण गेले. चालकाने पाहिले, भोंगा वाजवला, पण गाडी वेळेत थांबली नाही.

मालगाडी थांबत का नाही, या लेकराच्या प्रश्नाचा हा दुसरा अर्थ त्याला नीट समजावून सांगा. हजारो टनांची भरलेली गाडी ब्रेक लावल्यावरही कित्येकशे मीटर, कधी किलोमीटरभर जाते. आपल्या मापात तो किलोमीटर म्हणजे आठ मीटर. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दार ओलांडून ओट्यापर्यंत मुलाला पावले टाकत नेऊन दाखवा, की इथे ब्रेक लावला तर तिथे थांबते. रुळावर जायचे नाही, शॉर्टकटने ओलांडायचे नाही, झेंडीचा इशारा खऱ्या गाडीला कधी करायचा नाही. खेळ फरशीवर.

घर लहान असेल आणि एवढी जागा नसेल तर अॅलन राइट या इंग्रज हौशी माणसाने आखलेला छोटा खेळ खेळा. तीन रेघा, एक पाच डब्यांची, दोन तीन-तीनची. तिघी एका तोंडाशी मिळतात आणि त्या तोंडापुढे इंजिन आणि तीन डबे मावतील एवढीच जागा. आठ डब्यांतून चिठ्ठी काढून पाच डबे निघतील त्याच क्रमाने लावायचे. असे वेगवेगळे क्रम सहा हजार सातशे वीस होतात. दररोज एक लावला तरी अठरा वर्षे पुरतील. आजारी मुलाला पाटावर मांडून द्यायला हा चांगला. जुन्या वहीचा पुठ्ठा पाट म्हणून चालतो.

पहिल्या रविवारी गोंधळ होणार हे धरून चला. गाडी मनमाडलाच चुकीची जोडली जाईल, एक डबा धक्क्याऐवजी जालन्याला पोहोचेल, अजिंठा लुपाबाहेर तिष्ठत राहील. चुकलेला डबा हाताने जागेवर आणू नका. चिठ्ठी फिरवू नका. त्यावर तारीख घालून तसाच जालन्याच्या उंबऱ्याशी ठेवा आणि पुढच्या रविवारी परतीच्या गाडीने आणा. आठवडाभर येता-जाता तो घरातल्या सगळ्यांना दिसेल, आणि झाडणाऱ्या व्यक्तीला आधी सांगून ठेवा की तो कचरा नव्हे, खताचा डबा आहे.